कार्बन डायऑक्साइडचे जागतिक आकडे: येतात कुठून आणि ताळा कसा घ्यायचा

कर्बवही (धागाकर्ता)

२०२३ या एकाच वर्षासाठी जगाच्या उत्सर्जनाचे चार वेगवेगळे आकडे वाचायला मिळतात. साधारण ३७, ४१, ५३ आणि ५७ अब्ज टन. ते पाहून 'कुणालाच काही माहीत नाही' असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. प्रत्यक्षात चारही आकडे बरोबर आहेत. प्रत्येकाची हद्द वेगळी आहे, इतकेच.

३७ म्हणजे कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून निघालेला फक्त कार्बन डायऑक्साइड. जंगलतोड आणि जमीनवापरातील बदल यांचे निव्वळ ४ त्यात मिळवले की ४१. जमीन बाजूला ठेवून ३७ मध्ये मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि फ्लोरिनयुक्त वायू 'समतुल्य' करून (तापवण्याच्या क्षमतेनुसार कार्बन डायऑक्साइडच्या टनांत बदलून) मिळवले की ५३. सगळेच एकत्र धरले की ५७. ही बेरीज एकदा हाताने करून पाहावी, पुढचे वाचन सोपे जाते.

दुसरा घोळ एककांचा. शास्त्रीय लेखांत बऱ्याचदा 'कार्बन' मोजलेला असतो, बातम्यांत 'कार्बन डायऑक्साइड'. रेणुभारांचे गुणोत्तर ४४.०१/१२.०११, म्हणजे ३.६६४. कार्बनच्या टनांना याने गुणले की कार्बन डायऑक्साइडचे टन मिळतात. हवेतले प्रमाण १ पीपीएमने (दहा लाख भागांत एका भागाने) वाढायला २.१२४ अब्ज टन कार्बन, म्हणजेच ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड लागतो. हे तीन आकडे पाठ असले की पुढची बहुतेक गणिते कागदावर होतात.

आता ताळा. २०१४ ते २०२३ या दशकाची वार्षिक सरासरी, ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट या आंतरराष्ट्रीय संशोधकगटाच्या हिशेबानुसार, अब्ज टन कार्बनमध्ये:

जमा: जीवाश्म इंधन व सिमेंट ९.७, जमीनवापर १.१. एकूण १०.८.
वाटप: हवेत ५.२, समुद्रात २.९, जमिनीवरच्या वनस्पती व मातीत ३.२. एकूण ११.३.

दोन्ही बाजू जुळत नाहीत. जवळपास अर्धा अब्ज टन कार्बनचा फरक राहतो आणि तो मुद्दाम तसाच छापतात. हवेतला आकडा सर्वांत पक्का आहे, जमिनीचे दोन्ही आकडे सर्वांत कच्चे. जमीनवापराच्या १.१ वर ±०.७ इतकी अनिश्चितता आहे, जमिनीने शोषलेल्या ३.२ वर ±०.९. हा फरक कुठल्यातरी रकान्यात ढकलून लपवला असता तर हिशेब दिसायला सुबक झाला असता आणि विश्वास ठेवण्याजोगा उरला नसता.

या धाग्यावर मोजणीच्या पद्धती, त्यांतल्या चुका आणि तापमानाशी असलेला संबंध यांबद्दल लिहूया. शंका जरूर विचारा.

---

वातकुक्कुट

चांगला धागा. एक प्रश्न नेहमी पडतो. २०२० मध्ये जग थांबले होते, उत्सर्जन घटले, पण हवाईतल्या मौना लोआ केंद्राच्या, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखात खाच दिसत नाही. मग उत्सर्जनाचे आकडे खरे कशावरून?

---

कर्बवही

@वातकुक्कुट, हे गणित करूनच बघा. त्या वर्षी जीवाश्म उत्सर्जन साधारण ५ टक्क्यांनी घटले, म्हणजे सुमारे २ अब्ज टन. भागिले ७.८, आले ०.२६ पीपीएम. त्यातला निम्माच भाग हवेत टिकतो, म्हणून परिणाम उरतो जेमतेम ०.१३ पीपीएम. एल निन्यो आणि ला निन्यामुळे जमिनीचे शोषण दर वर्षी इतके खालीवर होते की वार्षिक वाढ तेवढ्यानेच १ पीपीएमपर्यंत हलू शकते. त्या गोंगाटात ०.१३ दिसणार नाही.

शिवाय २०२० मध्ये उत्सर्जन थांबले नव्हते, ९५ टक्के चालूच होते. आलेख वर जाण्याचा वेग किंचित मंदावला. आलेख खाली यायचा तर उत्सर्जन समुद्र आणि जमीन मिळून जेवढे शोषतात त्याच्याही खाली जायला हवे.

---

निळीरेघ

मौना लोआच्या आकड्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मालिका उतरवून घेणारे त्याच त्याच ठिकाणी अडखळतात.

चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये तिथे मोजणी सुरू केली, तेव्हा प्रमाण होते सुमारे ३१३ पीपीएम. मे २०१३ मध्ये दैनिक सरासरी पहिल्यांदा ४०० ओलांडून गेली. २०२४ ची वार्षिक सरासरी ४२४.६ आणि मे २०२५ ची मासिक सरासरी ४३० च्या वर.

पहिली चूक: मे महिन्याची ऑक्टोबरशी तुलना. उत्तर गोलार्धातली झाडे तिकडच्या उन्हाळ्यात (जून ते ऑगस्ट) कार्बन ओढतात, म्हणून मे महिन्यात शिखर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळ. फरक ६ ते ७ पीपीएमचा. तुलना मे ची मे शी, किंवा हंगाम काढून टाकलेल्या रकान्यावरून.

दुसरी चूक: गहाळ महिने. कीलिंग यांच्या स्क्रिप्स संस्थेच्या मासिक फाइलमध्ये आकडा नसलेल्या महिन्याच्या जागी उणे ९९.९९ लिहिलेले असते. १९५८ आणि १९६४ मधले काही महिने असे आहेत. ते न गाळता सरासरी काढली की त्या वर्षी प्रमाण कोसळल्यासारखे दिसते.

तिसरी चूक जास्त छुपी आहे. जागतिक हवामान संघटनेचे संदर्भमाप एक्स२००७ होते, ते बदलून एक्स२०१९ आले. ४०० पीपीएमच्या आसपास नव्या मापावर आकडा सुमारे ०.१८ पीपीएम जास्त येतो. जुन्या फाइलला नव्या फाइलची शेपटी जोडली तर सांध्यावर खोटी उडी तयार होते. संपूर्ण मालिका नव्याने उतरवून घ्यावी.

आणि एकच ठिकाण म्हणजे जग नव्हे. मौना लोआची वार्षिक वाढ आणि जागतिक सरासरीची वाढ दशकभराच्या हिशेबात जुळते, एकेका वर्षात जुळेलच असे नाही. पीपीएमवरून टन काढताना जागतिक सरासरीच वापरा.

---

तांबडामाठ

पण मौना लोआ हा ज्वालामुखीच आहे ना? त्याचा वायू यंत्रात जात नाही का?

---

निळीरेघ

@तांबडामाठ, जातो, आणि तो ओळखूही येतो. ज्वालामुखीच्या तोंडाकडून वारा आला की आकडे मिनिटामिनिटाला उड्या मारतात. स्वच्छ सागरी हवेत ते तासन्‌तास जवळजवळ स्थिर असतात. म्हणून ज्या तासात आकडे फार विखुरलेले आहेत तो तास पार्श्वभूमीच्या सरासरीत धरत नाहीत. दुपारी उतारावरून वर चढणारी, झाडांना लागून आलेली हवाही वगळतात. केंद्र सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे रात्री वरून खाली उतरणारी हवा मिळते, तीच हवी असते. नोव्हेंबर २०२२ च्या उद्रेकात केंद्राची वीज आणि रस्ता तुटला, तेव्हा मोजणी काही काळ शेजारच्या मौना केआवर हलवली होती.

शिवाय दक्षिण ध्रुवावर असा काही शेजार नसूनही तिथली मालिका तसाच चढ दाखवते.

---

भट्टीवाला

खालून वर मोजण्याची बाजू मी मांडतो. इंधनाच्या हिशेबातून उत्सर्जन काढायचे पायऱ्यांचे काम आहे, आणि चुका ठरावीक पायऱ्यांवर होतात.

१. देशात प्रत्यक्ष वापरलेले इंधन काढा: उत्पादन + आयात − निर्यात − आंतरराष्ट्रीय जहाजे व विमानांना दिलेले इंधन − साठ्यातली वाढ.
२. टनांचे ऊर्जेत रूपांतर करा.
३. ऊर्जेला त्या इंधनाच्या उत्सर्जन गुणांकाने गुणा.
४. प्लास्टिक, डांबर, खत यांसाठी कच्चा माल म्हणून गेलेला कार्बन वजा करा. तो जळलेला नाही.

आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलविषयक समिती) २००६ च्या मार्गदर्शिकेतले मूळ गुणांक असे (दर किलो इंधनाची निव्वळ ऊर्जा मेगाज्यूलमध्ये, मग दर मेगाज्यूलमागे कार्बन डायऑक्साइड ग्रॅममध्ये):

डिझेल ४३.० आणि ७४.१
पेट्रोल ४४.३ आणि ६९.३
नैसर्गिक वायू ४८.० आणि ५६.१
बिटुमिनस कोळसा २५.८ आणि ९४.६
लिग्नाइट ११.९ आणि १०१.०

गुणाकार करा. एक किलो डिझेलमागे ३.१९ किलो, आणि घनता ०.८४ धरली तर लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. बिटुमिनस कोळशाच्या टनामागे २.४४ टन, लिग्नाइटच्या टनामागे १.२० टन.

इथे थांबा. टनाच्या हिशेबात लिग्नाइट सर्वांत 'स्वच्छ' दिसतो आणि ऊर्जेच्या हिशेबात तोच सर्वांत वाईट आहे. कोळशाच्या टनांना एकच गुणांक लावून काढलेले उत्सर्जन म्हणूनच भरवशाचे नसते. खाण बदलली, राख आणि ओलावा बदलला की दर टनाची ऊर्जा बदलते. दुसरी पायरी टाळून चालत नाही.

आणखी एक सापळा: ग्रॉस आणि नेट उष्मांक. इंधनातला हायड्रोजन जळून झालेली वाफ थंड होताना देते ती उष्णता धरली की ग्रॉस, न धरली की नेट. कोळसा व तेल यांत फरक ५ टक्क्यांच्या आसपास, नैसर्गिक वायूत १० टक्के. वरचे गुणांक नेटचे आहेत. वायूची बिले आणि मीटर बरेचदा ग्रॉसमध्ये असतात. ग्रॉस ऊर्जेला नेटचा गुणांक लावला की उत्सर्जन फुकटचे १० टक्के फुगते.

सिमेंटचे गणित इंधनाशिवायचे आहे. चुनखडी तापवली की चुना आणि कार्बन डायऑक्साइड सुटे होतात. क्लिंकरमध्ये (भट्टीतून निघणारे, दळून सिमेंट होणारे खडे) ६५ टक्के चुना आणि चुन्याच्या टनामागे ०.७८५ टन कार्बन डायऑक्साइड धरला तर ०.६५ × ०.७८५ = ०.५१, आणि भट्टीच्या धुळीसाठी २ टक्के मिळवून टनामागे ०.५२ टन. हे क्लिंकरच्या टनामागे आहे, सिमेंटच्या नव्हे. राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला हाच आकडा लावला की उत्तर जास्त येते. क्लिंकरची आयात-निर्यातही पाहायला हवी, कारण उत्सर्जन भट्टी जिथे आहे तिथले.

---

वातकुक्कुट

जहाजे आणि विमाने वजा केली, मग ती कुणाच्या नावावर?

---

भट्टीवाला

कुणाच्याच नाही. आंतरराष्ट्रीय जहाजे-विमानांचे इंधन देशाच्या अहवालात वेगळे नोंदवतात, बेरजेत धरत नाहीत. सगळ्या देशांची बेरीज जागतिक आकड्यापेक्षा कमी येते त्याचे हे एक कारण. लाकूड व इतर जैवइंधनांचेही तसेच. त्यांचा कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या रकान्यात नुसता नोंदवतात, हिशेब जमीन व जंगलाच्या रकान्यात होतो. दोन्हीकडे धरला तर दुप्पट, कुठेच नाही धरला तर शून्य. दोन्ही चुका मी अहवालांत पाहतो.

एक ताळा मार्गदर्शिकेतच आहे: वर दिलेला देशाच्या एकूण इंधनाचा हिशेब आणि वीज, उद्योग, वाहतूक असा क्षेत्रवार हिशेब, दोन्ही करा. फरक ५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर कारण शोधून लिहा. बहुधा साठ्याचे आकडे किंवा कच्च्या मालाची वजाबाकी चुकलेली असते.

---

वनरेषा

जमिनीबद्दल एक महत्त्वाची भर. देशांचे अहवाल 'व्यवस्थापित' जंगलातली सगळी वाढ स्वतःच्या खात्यात धरतात. हवेतला कार्बन वाढल्याने झाडे जोमाने वाढली, तीही त्यात आली. जागतिक कार्बन हिशेबात तीच वाढ 'नैसर्गिक शोषण' या रकान्यात असते. या एका व्याख्येमुळे जगाच्या जमिनीच्या आकड्यात दर वर्षी साधारण ६ ते ७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडचा फरक पडतो. देशांच्या अहवालांची बेरीज करून ती आयपीसीसीच्या शिल्लक बजेटमधून (तापमानवाढ ठरावीक मर्यादेत ठेवून अजून किती कार्बन डायऑक्साइड सोडता येईल तो आकडा) थेट वजा केली, तर परिस्थिती आहे त्यापेक्षा बरीच बरी दिसते. ही तुलना करण्याआधी दोन्ही बाजू एकाच व्याख्येवर आणायलाच हव्यात. ज्यांच्या हातात धोरण आहे त्यांच्याकडूनही हे निसटते, म्हणून जोर देऊन लिहिले.

---

कक्षा७०५

उपग्रहांवर कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. जपानचा गोसॅट जानेवारी २००९ मध्ये गेला, नासाचा ओसीओ-२ जुलै २०१४ मध्ये, आणि ओसीओ-३ २०१९ पासून अवकाश स्थानकावर आहे. जमिनीवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशात १.६१ आणि २.०६ मायक्रोमीटरजवळ कार्बन डायऑक्साइडने किती प्रकाश गिळला ते पाहतात. ०.७६ मायक्रोमीटरजवळच्या ऑक्सिजनच्या पट्ट्यावरून हवेच्या स्तंभाची लांबी कळते. उत्तर मिळते ते संपूर्ण स्तंभाच्या सरासरीचे, नाकाजवळच्या हवेचे नाही.

एखाद्या वीजकेंद्राचे उत्सर्जन यातून कसे काढायचे, त्याचा ढोबळ हिशेब:

समुद्रसपाटीला दर चौरस मीटरवर सुमारे १०,३३० किलो हवा असते. तिच्यात १ पीपीएमची वाढ म्हणजे चौरस मीटरमागे १५.७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. धुराचा लोट आडवा कापला, रुंदी ५ किलोमीटर आणि त्या रुंदीवर सरासरी वाढ १ पीपीएम मिळाली, तर लोटाच्या दर मीटर लांबीत ७८.५ किलो. वारा सेकंदाला ५ मीटर असेल तर सेकंदाला सुमारे ३९० किलो. दिवसाला ३४ हजार टन, वर्षभर तोच दर धरला तर सव्वाकोट टनांच्या जवळपास. मोठ्या कोळसा केंद्राला शोभेल असा आकडा.

आता यातले कच्चे दुवे. वाऱ्याच्या वेगात २० टक्के चूक म्हणजे उत्तरात थेट २० टक्के चूक. ४२० पीपीएमवर १ पीपीएम शोधायचा, म्हणजे पाव टक्क्याचा फरक. धुके, धूळ आणि पातळ ढग यांनी तो सहज बिघडतो. ओसीओ-२ चा पट्टा जेमतेम १० किलोमीटर रुंद, त्याच वाटेवर तो १६ दिवसांनी परततो, आणि ढगांमुळे बहुतेक नोंदी बाद होतात. तो येतो दुपारी दीडच्या सुमारास. त्या क्षणीचा दर वर्षभर गुणायचा तर केंद्र तेव्हा किती भारावर चालू होते हे हवेच.

लोटाची दिशा कळायला नायट्रोजन डायऑक्साइडची मदत होते. पार्श्वभूमीत तो फारच कमी असतो, म्हणून लोट ठळक उठून दिसतो.

---

तांबडामाठ

घरगुती सेन्सरने ही वाढ मोजता येईल का? गच्चीवर लावून वर्षभर नोंद ठेवली तर?

---

निळीरेघ

@तांबडामाठ, जागतिक वाढ मोजता येणार नाही. स्वस्त अवरक्त सेन्सरची चूक ±३० ते ५० पीपीएम आणि वर मापनाच्या ३ टक्के अशी असते. वर्षाची वाढ आहे २.५ पीपीएम. त्याहून वाईट म्हणजे 'स्वयं आधाररेषा' ही सोय. काही दिवसांतले सर्वांत कमी मापन ४०० आहे असे गृहीत धरून सेन्सर स्वतःला जुळवून घेतो. म्हणजे जी वाढ शोधायची तीच तो पुसून टाकतो. ती सोय बंद करा, तरी दाबाचा परिणाम उरतो: हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की भरपाई नसलेल्या सेन्सरचे मापन किमान ०.१ टक्क्याने हलते. वादळी हवेत तेवढ्यानेच १० पीपीएम इकडेतिकडे.

ओलावाही आहेच. हवेत १ टक्का वाफ असेल तर ४०० पीपीएमचे मापन ४ ने कमी येते, म्हणून संशोधन केंद्रे कोरड्या हवेचे प्रमाण देतात आणि यंत्रात वेळोवेळी प्रमाणित वायूच्या टाक्या सोडून जुळणी करतात. उत्तर गोलार्धात प्रयोगशाळांचे आपापसात ०.१ पीपीएमच्या आत जुळावे हे त्यांचे लक्ष्य आहे. गच्चीवरच्या सेन्सरने रात्रीचा साठा, सकाळची गर्दी आणि झाडांचे दिवसाचे शोषण मात्र छान दिसेल. तेवढ्यासाठी जरूर लावा.

---

वातकुक्कुट

वाढलेला कार्बन आपलाच, समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून आलेला नाही, हे वेगळे कसे करतात?

---

कर्बवही

तीन स्वतंत्र खुणा आहेत, आणि त्या एकत्र पाहिल्या तरच उत्तर पक्के होते.

कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. कोट्यवधी वर्षे गाडलेल्या इंधनात तो उरलेलाच नाही. त्यामुळे जीवाश्म कार्बन मिसळला की हवेतले त्याचे प्रमाण पातळ होते. पण ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो, म्हणून एवढ्यावर भागत नाही.

कार्बन-१३: वनस्पती हलका कार्बन पसंत करतात, म्हणून वनस्पतींपासून बनलेल्या इंधनात कार्बन-१३ कमी. हवेतले त्याचे गुणोत्तर, प्रमाणित नमुन्याच्या तुलनेत, औद्योगिक क्रांतीपूर्वी सुमारे उणे ६.५ प्रतिहजार होते, आता उणे ८.५ च्या आसपास. ज्वालामुखीचा वायू यापेक्षा जड, त्याने गुणोत्तर असे घसरले नसते.

ऑक्सिजन: जाळण्यात तो खर्च होतो, आणि मोजता येईल इतका घटतो आहे. समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून कार्बन आला असता तर ही घट दिसली नसती. शिवाय समुद्राची आम्लता वाढते आहे, म्हणजे समुद्र कार्बन देत नाही, घेतो आहे.

---

पारा

आता तापमान. दोन वेगळी गणिते आहेत आणि लोक ती एकमेकांत मिसळतात.

पहिले प्रमाणाचे. ऊर्जेतला बदल = ५.३५ × नैसर्गिक लॉग (आताचे प्रमाण ÷ आधीचे प्रमाण). ४२२ ÷ २७८ (औद्योगिक क्रांतीपूर्वीचे प्रमाण) = १.५१८, त्याचा लॉग ०.४१७, म्हणून चौरस मीटरमागे २.२ वॅट. नव्या सुधारित सूत्राने थोडे जास्त येते. लॉग असल्यामुळे प्रत्येक पुढच्या पीपीएमचा परिणाम मागच्यापेक्षा किंचित कमी. प्रमाण दुप्पट झाले आणि सगळे स्थिरावले की वाढ ३ अंशांच्या आसपास, शक्यतेचा पल्ला २.५ ते ४.

दुसरे एकूण उत्सर्जनाचे, आणि धोरणासाठी हेच जास्त उपयोगी. दर १,००० अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे ०.४५ अंश, पल्ला ०.२७ ते ०.६३. १८५० ते २०१९ मध्ये एकूण २,३९० अब्ज टन सोडले. गुणाकार १.०८ अंश. २०१०-१९ या दशकातली मानवनिर्मित वाढ १.०७ अंश. जुळणी सुरेख दिसते, पण तिच्यावर भाळू नका. मिथेन वगैरेंची उष्णता आणि सल्फेट कणांची थंडाई एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात म्हणून ती तशी दिसते. हवा स्वच्छ होत जाईल तशी थंडाईची बाजू कमी होते.

एका वर्षाचे ४१ अब्ज टन म्हणजे फक्त ०.०१८ अंश. एल निन्यो एका वर्षात ०.१ अंशाहून जास्त हलवतो. म्हणून २०२४ ची, औद्योगिक क्रांतीपूर्व काळापेक्षा १.५५ अंश जास्त असलेली सरासरी एकट्या त्या वर्षाच्या उत्सर्जनाला लावता येत नाही, आणि पुढचे एखादे वर्ष थोडे थंड गेले तर सुटका झाली असेही म्हणता येत नाही.

बजेट वाचताना शक्यता पाहा. २०२० च्या सुरुवातीपासून दीड अंशासाठी ५०० अब्ज टन हा आकडा ५० टक्के शक्यतेचा आहे. ६७ टक्के हवी असेल तर ४००, ८३ टक्के हवी असेल तर ३००. दर वर्षी ४० च्या वर खर्च होतात.

---

वनरेषा

@पारा, मिथेनबद्दल एक ओळ जोडते. 'समतुल्य' टन पाहताना गुणक कोणता ते तपासा. १०० वर्षांच्या हिशेबात आयपीसीसीच्या चौथ्या अहवालात २५, पाचव्यात २८, सहाव्यात जीवाश्म मिथेनसाठी २९.८. पॅरिस कराराच्या अहवालांत पाचव्याचा २८ वापरतात. २० वर्षांचा हिशेब धरला तर आकडा ८० च्या वर जातो. आणि समतुल्य टन तापमानाच्या ०.४५ च्या गणितात घालू नका. मिथेन बारा-एक वर्षांत विरतो, त्याचे कार्बन डायऑक्साइडसारखे साठत जाणे होत नाही.

---

तांबडामाठ

शेवटची शंका. देशवार दीर्घ मालिका हवी असेल तर कुठली घ्यावी?

---

भट्टीवाला

फक्त जीवाश्म कार्बन डायऑक्साइड आणि १९ व्या शतकापासूनचा इतिहास हवा असेल तर ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट. १९७० पासून सर्व वायू आणि क्षेत्रवार फोड हवी असेल तर युरोपीय आयोगाची एडगर. देशाने स्वतः जाहीर केलेले हवे असेल तर संयुक्त राष्ट्रांकडे दिलेले अहवाल.

दोन मालिका एका आलेखात जोडू नका. प्रत्येक आवृत्तीत मागची वर्षेही सुधारतात, म्हणून उतरवलेल्या फाइलच्या नावात आवृत्तीचे वर्ष लिहून ठेवा. ताज्या वर्षाचा आकडा बहुधा अंदाज असतो, पुढच्या आवृत्तीत तो हलतो. तुलना दरडोई करणार असाल तर लोकसंख्येचा स्रोत सगळ्या देशांसाठी एकच घ्या.